वजन कमी करते, पण किती वाजता?

"डॉक्टर, वजन कमी करते हो. पण किती वाजता करू, तेवढे सांगा!"

दीड वर्षापूर्वी एका बाईंनी दवाखान्यात हा प्रश्न विचारला आणि मी निरुत्तर झालो. बाई वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात पॅकिंग खात्यात काम करतात. राहायला किसननगरला. वय ३८, मुले दोन, घरात सासूबाई, यजमानांची नोकरी पाळीची. गुडघे दुखतात आणि दुपारनंतर अंगात त्राण राहत नाही, ही तक्रार घेऊन त्या आल्या होत्या. उंची १५२ सेंटिमीटर, वजन ६८ किलो. उपाशीपोटी रक्तातली साखर ११२ निघाली. ती १०० च्या आत असावी लागते आणि १२६ किंवा त्याहून जास्त भरली, तर पुन्हा तपासून आम्ही मधुमेह म्हणतो. बाईंच्या आईला मधुमेह आहेच. म्हणजे बाई उंबरठ्यावर उभ्या होत्या.

मी सवयीप्रमाणे केसपेपरवर लिहिले, 'वजन कमी करा, व्यायाम करा'. हे शब्द मी आजवर हजारो वेळा लिहिले असतील. लिहायला अर्धे मिनिट लागते आणि डॉक्टरला कर्तव्य बजावल्यासारखे वाटते. त्या दिवशी मात्र माझीच चूक मला दिसली. औषध लिहिताना आम्ही किती गोळ्या, कितीदा, जेवणाआधी की नंतर, हे सगळे सांगतो. वजनाच्या बाबतीत मात्र नुसता हुकूम सोडतो.

वागळे इस्टेट ही महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची पहिली औद्योगिक वसाहत. हे महामंडळ १९६२ साली स्थापन झाले. मी येथे दवाखाना उघडला तेव्हा लेथवर बोट कापलेले आणि वेल्डिंगने डोळे सुजलेले कामगार रात्री दार ठोठावत. आता बऱ्याच कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या आणि माझ्या बाकावर साखर, रक्तदाब व गुडघे घेऊन बसणारी माणसे वाढली. त्यांत तीस ते पन्नास वयाच्या बायका फार. त्यांच्यातली प्रत्येक जण सांगते, "मी काही खातच नाही हो!" आणि ती खोटे बोलत नसते. तिला खरोखरच बसून खाल्ल्याचे आठवत नाही.

म्हणून मी एक कोरा कागद घेतला आणि बाईंना म्हटले, "ताई, कालचा दिवस सांगा. उठल्यापासून."

पहाटे सव्वापाचला उठणे, कारण पाणी तेव्हाच येते. चार डबे. उभ्याने चहा, सोबत दोन खारी. मुलाने टाकलेला अर्धा पराठा. पावणेनऊला रिक्षा. अकराला कंपनीत चहा. एक वाजता डबा, त्यात तीन पोळ्या आणि बटाट्याची भाजी. चारला चहा आणि कोणी आणलेले फरसाण किंवा वडापाव. सातला घरी, आल्याबरोबर सासूबाईंबरोबर चहा. मग स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, त्यांची जेवणे, त्यांच्या ताटात राहिलेला वरणभात. यजमान आले की त्यांचे ताट. स्वतःचे जेवण साडेदहाला, तेव्हा पातेल्यात भात आणि डब्यात पोळी शिल्लक असते, उसळ मात्र संपलेली. पावणेबाराला अंथरूण.

वाचकहो, हा कागद माझ्या मेजाच्या खणात अजून आहे. त्यात हावरटपणाची एक ओळ नाही. पण हिशेब करून पाहा. चहाचे दिवसात चार कप, दर कपाला दोन चमचे साखर. चमचा पाच ग्रॅमचा धरला तरी ४० ग्रॅम साखर, म्हणजे १६० उष्मांक, जवळजवळ दीड पोळीएवढे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असलेली बरी. मुलांचे उष्टे, 'अन्न टाकू नये' म्हणून पोटात ढकललेले, ते आणखी दीडदोनशे उष्मांक. वडापाव सुमारे तीनशे. (ठाण्यात राहून वडापाव सोडा, असे मी कोणालाही सांगणार नाही. आठवड्यातून एकदा, आणि आवडीने खावा. समोर आला म्हणून खाऊ नये.) आणि ज्या प्रथिनांनी पोट भरल्यासारखे वाटते, स्नायू टिकतात, ती डाळ, उसळ, दही, अंडे, मासळी घरातल्या इतरांच्या ताटात संपते. आई शेवटी जेवते, त्यामुळे तिच्या वाट्याला पिष्टमय पदार्थ येतात. ही गोष्ट आहाराच्या तक्त्यात कुठेच लिहिलेली नसते.

"मग दिवसभर राबते, तो व्यायाम नाही का?" हा बाईंचा पुढचा प्रश्न. हाही रास्त आहे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात रोज सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो, पुरुषांचा ९७ मिनिटे, असे दिसले. तेव्हा बायका बसून असतात असे म्हणणाऱ्याने आधी स्वतःची मिनिटे मोजावीत. पण राबणे आणि व्यायाम यांत फरक आहे. आमच्या आज्यांच्या वाट्याला जाते, पाटा-वरवंटा, विहिरीचे पाणी होते. आजचे काम ओट्यापाशी उभे राहण्याचे आहे. पाय दुखतात, कंबर दुखते, पण नाडी वाढत नाही. नाडी वाढली पाहिजे. चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतपत दम लागला की तो व्यायाम समजावा.

त्यासाठी जिम लागत नाही. लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली एक प्रसिद्ध अभ्यास मांडला. दुमजली बसचे ड्रायव्हर दिवसभर बसून असत आणि कंडक्टर जिने चढ-उतार करत. कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. कंपनी एक, मार्ग तेच, फरक जिन्याचा. आमच्या भागात लिफ्ट नसलेल्या चार मजली इमारती पुष्कळ आहेत, त्यांना नावे ठेवण्याआधी हे आठवावे. तसेच, रोज दहा हजार पावले चाललीच पाहिजेत, हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावले मोजण्याच्या यंत्राबरोबर लोकप्रिय झाला. तो काही वैद्यकीय कायदा नव्हे. अमेरिकेत २०१९ साली वयस्क स्त्रियांच्या मोठ्या अभ्यासात असे आढळले, की २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण स्पष्टपणे कमी होते आणि ७,५०० च्या पुढे फारसा जादा फायदा दिसला नाही. शून्यातून थोडे करण्याला सर्वांत जास्त मोल आहे.

आमच्या बाईंनी पहिल्या महिन्यात एवढेच केले: चहा चाराचे तीन कप आणि साखर दोन चमच्यांची एक. बस्स. मी मुद्दाम दुसरे काही सांगितले नाही. त्याआधी त्यांनी कोणा ओळखीच्या बाईकडून वजन उतरवण्याची पावडर घेतली होती. दोन महिन्यांत पाच किलो गेले आणि पुढच्या सहा महिन्यांत सात आले. असे होणारच. उपाशी राहून घटवलेल्या वजनात पाणी आणि स्नायूही जातात, परत येते ती बहुतेक चरबी. जो बदल पाहुणे आले, मूल आजारी पडले, पाळी बदलली तरी टिकेल, तोच करावा.

दुसऱ्या महिन्यात सकाळची रिक्षा सुटली. कारखाना घरापासून पायी वीस मिनिटांवर. येताना मात्र रिक्षाच, कारण मुलीला क्लासमधून आणायचे असते. आठवड्याला सहा दिवस वीस मिनिटे म्हणजे १२० मिनिटे झाली. १५० मिनिटांची शिफारस आहे. उरलेली अर्ध्या तासाची भर रविवारी रायलादेवी तलावाकडे मुलीबरोबर चालून पडू लागली. पावसाळ्यात आमच्याकडच्या रस्त्यांवरून चालणे म्हणजे कसरत, तेव्हा घरातल्या घरात. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठबस, भिंतीला हात लावून दहा वेळा रेटणे. स्नायूंचा व्यायाम आठवड्यातून दोनदा तरी हवाच, गुडघ्यांना त्याचाच आधार मिळतो.

खरी अडचण रात्रीच्या जेवणाची होती. बाईंनी मुलांबरोबर साडेआठला जेवावे, असे मला वाटत होते. पण पुरुषमाणसाआधी सुनेने ताट वाढून घ्यायचे, हे घरात पटणारे नव्हते. सासूबाईही माझ्याच रुग्ण, मधुमेही. त्यांना मी सांगितले, "आजी, तुम्ही साडेआठच्या आत जेवायचे, आणि एकटीने जेवायचे नाही. एकटे माणूस कमीजास्त जेवते. सुनेला बरोबर बसवा." (दोन्ही गोष्टी खऱ्याच होत्या, मी फक्त औषध दुसऱ्या दाराने दिले.) पंधरा दिवसांनी आजीच मला सांगू लागल्या, "तिची उसळीची वाटी मी आधी काढून ठेवते." त्या घरात वजन उतरायला खरी सुरुवात झाली ती येथून. साडेदहाचे जेवण गेले, उष्टे गेले, कारण आई स्वतःच पोटभर जेवलेली असे. ताटात पोळ्या दोन, भात थोडा, उसळ किंवा वरण घट्ट, कोशिंबीर. यजमान आले की आपले ताट आपण वाढून घेऊ लागले. झोपही साडेदहावर आली. झोप कमी पडली की भूक वाढते आणि गोडाकडे मन ओढते, हे अनेकांना ठाऊक नसते.

उपासाबद्दल बायका हमखास विचारतात. श्रद्धेला माझा विरोध नाही, साबुदाण्याला आहे. तो जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात तूप, दाण्याचे कूट आणि बटाटा. संकष्टी आणि सोमवार धरून महिन्यात पाचसहा वेळा तो पोटात जातो. त्याऐवजी वरीचे तांदूळ, राजगिरा, दही, फळ घ्यावे. तेलाचेही तसेच. महिन्याला तेलाचे किती डबे आणता, हे वाण्याच्या वहीतून पाहावे. माणशी अर्धा ते पाऊण लिटर पुष्कळ झाले. बाईंच्या घरी पाच माणसांत पाच लिटर येई, ते आता साडेतीनवर आले.

"पण मी काही फार जाड दिसत नाही," असेही काही जणी म्हणतात. दिसण्यावर जाऊ नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. उंचीच्या मानाने वजन, ज्याला बीएमआय म्हणतात, दोघांचे सारखेच, २२.३. पण चरबी युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात २१.२ टक्के! भारतीय माणूस दिसायला बारीक असला तरी आतून चरबी बाळगून असतो, आणि ती पोटाभोवती असते. म्हणून शिंप्याची टेप घ्यावी आणि शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, घेर मोजावा. स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या आत हवा. आमच्या बाईंचा ९४ होता.

काटा रोज पाहू नये. पाळीच्या दिवसांत पाण्याने किलोभर इकडेतिकडे होते आणि बाई उगाच हिरमुसते. आठवड्यातून एकदा, सकाळी पाहावे. बाईंचे वजन गणपतीत आणि दिवाळीत मिळून दीड किलो वाढले, मग तीन महिने ६५ वर अडून बसले. त्या रडकुंडीला आल्या होत्या. मी घेर मोजला तर तो तीन सेंटिमीटरने उतरलेला! चेन्नईचे डॉ. रामचंद्रन यांचा २००६ सालचा अभ्यास अशा वेळी सांगण्यासारखा आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांनी आहार सुधारला, चालणे वाढवले. त्यांचे वजन फारसे घटले नाही, तरी मधुमेह होण्याचे प्रमाण २८ टक्क्यांहून अधिक कमी झाले. काटा हलला नाही म्हणजे काही झाले नाही, असे नसते.

आज बाईंचे वजन ६३ आहे, घेर ८६, उपाशीपोटी साखर ९७. दीड वर्षात पाच किलो. जाहिरातीतल्या 'महिन्यात दहा किलो'पुढे हे हास्यास्पद वाटेल. पण जिने चढताना गुडघे बोलत नाहीत आणि मधुमेहाच्या गोळ्या अजून सुरू झालेल्या नाहीत. घेर ८० वर यायला आणखी वर्षे जातील, तो येईलही किंवा येणार नाही.

काही गोष्टी मात्र डॉक्टरांना विचारूनच कराव्यात. वजन एकाएकी वाढले, पाळी अनियमित झाली, केस गळू लागले तर थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. बाळ अंगावर पीत असेल तर जेवण तोडू नये, डिंकाचे लाडू मात्र सहाव्या महिन्यापर्यंत चालू ठेवण्याचे कारण नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी परस्पर जेवण घटवू नये, साखर एकदम उतरून चक्कर येते. वजन घटवण्याची नवी इंजेक्शने २०२५ पासून आपल्याकडेही आली आहेत. ती काहींना उपयोगी पडतात, पण सर्वांसाठी नाहीत, आणि थांबवली की वजन बहुधा परत येते. चालताना छातीत दडपण आले, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागली, तर तेथेच थांबावे आणि त्याच दिवशी तपासून घ्यावे.