कारखाना कोणत्या राज्यात काढावा?

मुलांनो, समजा, तुमच्याजवळ पुष्कळ भांडवल आहे आणि तुम्हांला एक मोठा कारखाना काढायचा आहे. भारतात २८ राज्ये आहेत. त्यांपैकी कोणते राज्य निवडाल? ‘जेथे कर कमी, तेथे जाऊ,’ असे तुमच्यापैकी अनेकजण म्हणतील. हे उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे.

आपल्या महाराष्ट्राचेच उदाहरण घेऊ. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत सूतगिरणीची कंपनी स्थापन केली. १८५६ मध्ये गिरणी चालू झाली. मुंबईच का? तेथे उत्तम बंदर होते. १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत आगगाडी सुरू झाली होती. पुढे तिचे रूळ खानदेश व वऱ्हाडात पोहोचले आणि तेथील काळ्या मातीतला कापूस मुंबईस येऊ लागला. शिवाय मुंबईची हवा दमट. कोरड्या हवेत सूत लवकर तुटते. गिरण्या वाढल्या तसे कोकणातून कामगार आले. उत्तर भारतातून विणकर आले आणि मदनपुऱ्यात वसले. १९१५ पासून खोपोलीची वीज मिळू लागली. ती घाटावर साठवलेल्या पावसाच्या पाण्यापासून तयार होत असे.

पण प्रत्येक गावाजवळ समुद्र नसतो. तेथे सरकारला पुढे व्हावे लागते. यासाठी १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. लोक त्याला ‘एमआयडीसी’ म्हणतात. ते जमीन घेते, रस्ते बांधते, पाणी आणते आणि मग कारखानदाराला भूखंड देते. नाहीतर पाण्यासाठी आणि परवान्यासाठी दहा कचेऱ्यांचे उंबरठे कोण झिजवील?

आता कराकडे वळू. पूर्वी मुंबईत माल आणताना जकात द्यावी लागे. (आपण गरिबांना देतो ती जकात ही नव्हे बरे! शब्द तोच, पण मराठीत त्याचा अर्थ शहरात येणाऱ्या मालावरचा कर असा झाला.) म्हणून व्यापारी आपला माल मुंबईच्या हद्दीबाहेर, भिवंडीच्या गोदामांत ठेवीत आणि लागेल तेवढाच आत नेत. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि जकात गेली. मग गोदामे ओस पडली का? नाही, उलट वाढली! मुंबई जवळ, नाशिकचा महामार्ग दारात आणि मोकळी जागा भरपूर. करामुळे आलेली गोदामे रस्त्यामुळे टिकली.

त्याच भिवंडीत यंत्रमागही आहेत. वीज गेली की माग थांबतो. कारागिराला मजुरी विणलेल्या कापडाच्या मापावर मिळते, म्हणून तीही थांबते. मालकाच्या कर्जाचे व्याज मात्र थांबत नाही. वीज स्वस्त असावी असे सगळेच म्हणतात. माझ्या मते ती अखंड मिळणे अधिक महत्त्वाचे आहे.

राहिली जमीन. तिच्यावरून मोठे वाद होतात. २००६ साली पश्चिम बंगाल सरकारने सिंगूर येथे टाटांच्या छोट्या मोटारीच्या कारखान्यासाठी सुमारे १,००० एकर जमीन घेतली. ती सुपीक होती आणि अनेक शेतकरी ती द्यायला राजी नव्हते. आंदोलन पेटले. कारखाना बराचसा बांधून झाला होता, तरी ऑक्टोबर २००८ मध्ये कंपनीने सिंगूर सोडले. गुजरातने साणंदजवळची सरकारी जमीन लगेच देऊ केली. तेथे शेतकऱ्यांची मनधरणी करण्याचा प्रश्नच नव्हता. जून २०१० मध्ये साणंदचा कारखाना सुरू झाला.

सिंगूरच्या तरुणांना नोकऱ्या मिळाल्या नाहीत आणि शेतकऱ्यांना शेतीही करता येईना. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने जमीन परत करण्याचा आदेश दिला. तेव्हा नांगर धरण्यापूर्वी त्या जमिनीवरचे सिमेंटचे बांधकाम फोडून काढावे लागले.