हिब्रू शिकायची, पण कुठली?

परदेशातल्या युनिव्हर्सिटीत हिब्रू घ्यायची म्हटली, की बहुधा दोन वेगळे कोर्स समोर येतात : बायबलची हिब्रू आणि आधुनिक हिब्रू. तुम्ही म्हणाल, भाषा एक तर कोर्स दोन कशाला?

आम्ही कॉन्व्हेंटमध्ये जो जुना करार इंग्रजीतून ऐकला, तो जवळजवळ सगळा मुळात हिब्रूत आहे. युरोपातले विद्वान तो मुळातून वाचता यावा म्हणून हिब्रू शिकत. ऑक्सफर्डला आठव्या हेन्रीने 1546 मध्ये हिब्रूच्या प्राध्यापकाची खास जागाच निर्माण केली. त्या वळणाच्या वर्गात अजूनही एकेक ओळ वाचायची, क्रियापदं सोडवायची, भाषांतर करायचं. बोलायचं फारसं कोणी नाही. अगदी आपल्या संस्कृतच्या तासासारखं! उलट जेरुसलेमच्या हिब्रू युनिव्हर्सिटीतल्या 'उल्पान'मध्ये पहिल्या दिवसापासून हिब्रूतच बोलतात.

लिपी मात्र तीच. बावीस अक्षरं, उजवीकडून डावीकडे. अक्षरं व्यंजनांची, स्वरांसाठी टिंबं आणि छोट्या रेघा. बायबलच्या प्रतीत त्या असतात, वर्तमानपत्रात नसतात. आपल्याकडे मळ, माळ आणि मेळ तिन्ही 'मळ' असंच छापलं तर कसं होईल? साधारण तसं.

मग वाचायचं कसं? इथे धातू कामी येतात. बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूवर उभे असतात. क-त-ब म्हणजे लिहिणं. काताव म्हणजे त्याने लिहिलं, मिख्ताव म्हणजे पत्र, केतुबा म्हणजे लग्नाचा करार. (ब चा व आणि क चा ख होतो, त्याची सवय होते.) अरबी ही हिब्रूची बहीण, तिच्यातला 'किताब' याच धातूचा. क्रियापदांचे साचे सात, त्यांना म्हणतात 'बिन्यान', म्हणजे चक्क इमारत. धातू टाका, शब्द बाहेर! सी प्लस प्लसचं टेम्प्लेट ज्यांना कळलंय त्यांना हे पटकन कळेल.

खरी गोची काळांची. आधुनिक हिब्रूत भूत, वर्तमान, भविष्य असे सरळ काळ आहेत. 'योमार' म्हणजे तो म्हणेल. बायबलमध्ये मात्र याच रूपाला आधी 'व' जोडून 'वायोमेर' केलं, की अर्थ होतो 'आणि तो म्हणाला'. एका अक्षराने भविष्याचा भूतकाळ! बोलीभाषेत हे आता उरलेलं नाही. आणि आधुनिक हिब्रूचा वर्तमानकाळ म्हणजे जुनं धातुसाधित विशेषण, 'लिहिणारा', 'लिहिणारी' असं. म्हणून मुलगा म्हणतो 'आनी लोमेद', मुलगी म्हणते 'आनी लोमेदेत'. इंग्रजीवाल्यांना हे जड जातं. आपल्याला काय त्याचं, आपण 'मी शिकतो', 'मी शिकते' रोजच म्हणतो.

शब्दही फसवे. 'एकदाख' हे यशयाच्या पुस्तकात रत्न आहे, आज त्याचा अर्थ पिस्तूल! 'खश्माल' हा शब्द यहेज्केलच्या दृष्टान्तात एका चकाकत्या पदार्थासाठी येतो. नक्की कुठला पदार्थ, यावर पंडितांचा वाद आहे. जुन्या ग्रीक भाषांतरात तिथे 'एलेक्ट्रॉन' आहे, म्हणून एकोणिसाव्या शतकात तोच शब्द विजेसाठी घेतला. आज इस्राएलमध्ये लाइटबिल 'खश्माल'चंच येतं. इंजिनिअरिंगला तिथे म्हणतात 'हांदासा'. तो शब्द अरबीतून आला, अरबीत फारसी 'अंदाजा'वरून, म्हणजे आपल्या 'अंदाज'चाच भाऊ. (आमच्या प्रॅक्टिकलची रीडिंग्ज पाहता नातं अगदी योग्य आहे.)

हे शब्द घडवणं सोपं नव्हतं. 1913 मध्ये हैफाला इंजिनिअरिंग कॉलेज, आजचं टेक्निऑन, सुरू व्हायचं होतं. संचालकांनी ठरवलं की विज्ञान जर्मनमध्ये शिकवायचं, हिब्रूत तेवढे शब्दच नाहीत. त्यावर शिक्षक आणि विद्यार्थी संपावर गेले. 1914 मध्ये निर्णय फिरला, मग महायुद्ध आलं, आणि 1924 मध्ये वर्ग भरले ते हिब्रूत. आपण व्हायवाला 'स्ट्रेस' आणि 'स्ट्रेन' मराठीत सांगू शकत नाही, हे मला यातून फार टोचलं. शब्द नव्हते तर त्यांनी केले. आपल्याकडे परिभाषाकोश छापलेले आहेत, ते उघडतो कोण?

जुन्याचा प्रश्न मात्र इस्राएलमध्येही सुटलेला नाही. शाळेत मुलं बायबल मुळातूनच वाचतात. 2008 च्या सुमारास अवराहाम अहुविया यांचं आधुनिक हिब्रूतलं भाषांतर मुळाशेजारी छापून निघू लागलं, तेव्हा वाद पेटला. विरोधकांचं म्हणणं, पोरं मग मूळ वाचणारच नाहीत. आपल्याकडे सार्थ ज्ञानेश्वरी घरोघरी आहे, तिच्यावर कोणी रागावत नाही. पण ओवी आणि अर्थ समोरासमोर असताना आपली नजर आधी कुठे जाते, हे प्रामाणिकपणे सांगा!

मला विचाराल तर आधी आधुनिक घ्यावी. बोलता बोलता धातू आणि साचे अंगवळणी पडतात, मग 'वायोमेर' भेटला तर फक्त त्या एका 'व'चं कोडं उरतं. फक्त ज्याला ग्रंथच वाचायचा आहे, त्याने थेट जुनी धरावी. त्याची सोय आपल्याकडेही फार पूर्वी झाली होती : जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये मुंबईत हिब्रूचं व्याकरण छापलं, तेही मराठीतून, कोकणातल्या बेने इस्राएल लोकांसाठी.