छत कोणाचे, अनुदान कोणाला?

सूर्य कोणाची जात विचारत नाही. अनुदान मात्र आधी छत विचारते!

फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राने पंतप्रधान सूर्यघर योजना आणली. एक कोटी घरे, 75 हजार कोटींची तरतूद. तीन किलोवॅटच्या यंत्रणेला 78 हजार रुपये अनुदान. 2025 मध्ये राज्यानेही दारिद्र्यरेषेखालील आणि कमी वीज वापरणाऱ्या ग्राहकांसाठी जादा अनुदान जाहीर केले. चांगली गोष्ट आहे. पण कल्याणच्या चाळीत भाड्याने राहणारा, झोपडपट्टीत पत्र्याखाली झोपणारा आमचा माणूस पॅनेल लावणार कुठे? आभाळाला?

म्हणून आम्ही महापालिकेकडे पाहतो. पालिकांनी सौर ऊर्जेसाठी पैसा उभा करण्याचे मार्ग काही गुपित नाहीत. पहिला मार्ग सक्तीचा. कल्याण-डोंबिवली महापालिकेने नव्या इमारतींना सूर्यावर पाणी तापवण्याची यंत्रणा बंधनकारक केली. खर्च बिल्डरचा, म्हणजे अखेर घर घेणाऱ्याचा. दुसरा मार्ग कराराचा. खासगी कंपनी स्वखर्चाने पालिकेच्या छतावर पॅनेल बसवते आणि पालिका वर्षानुवर्षे ठरलेल्या दराने तिची वीज घेते. तिसरा कर्जरोख्यांचा. इंदूर महापालिकेने फेब्रुवारी 2023 मध्ये 244 कोटींचे हरित रोखे विकले. नर्मदेचे पाणी उपसण्याचे वीजबिल कमी व्हावे म्हणून जलूद येथे 60 मेगावॅटचा प्रकल्प, हा त्यामागचा हेतू. चौथा अमेरिकेतल्या बर्कली शहराचा. तिथे 2008 मध्ये पालिकेनेच घरमालकांना पैसे पुरवले आणि 20 वर्षांच्या मुदतीने मालमत्ता करातून वसुली ठेवली.

पहिल्या आणि चौथ्या मार्गाचा लाभ घरमालकाला. दुसऱ्या-तिसऱ्यात वाचलेला पैसा पालिकेच्या तिजोरीत येतो. आमचा सवाल इथेच आहे. ही बचत जाते कुठे?

ऑक्टोबर 1943 मध्ये व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळातील मजूरमंत्री म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वीज धोरण समितीपुढे मांडणी केली. स्वस्त आणि मुबलक वीज हा त्यांच्यासाठी सोयीचा विषय नव्हता, दारिद्र्यातून सुटकेचा मार्ग होता. बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ होते. सार्वजनिक पैशाचा भार कोणावर आणि लाभ कोणाला, हे तपासायला त्यांनीच आम्हाला शिकवले.

आमच्या मागण्या साध्या आहेत. पालिकेच्या शाळा, दवाखाने, पाणी उपसा केंद्रे यांवरील सौर यंत्रणेतून वाचणारी रक्कम अंदाजपत्रकात वेगळी दाखवा आणि वस्त्यांतील दिवे, पाणी यांवर खर्च करा. झोपडीतून पक्क्या घरात आलेल्यांच्या पुनर्वसन इमारतींकडे पाहा. पंप आणि जिन्याच्या दिव्यांचे बिल तिथल्या कुटुंबांना जड जाते. गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक वापरासाठी केंद्राचे किलोवॅटमागे 18 हजार अनुदान आहे. उरलेली रक्कम पालिकेने घालावी.

बांधवांनो, अंदाजपत्रकाची प्रत मागा, वाचा, नगरसेवकाला जाब विचारा. ऊन फुकट आहे. हक्क मागूनच घ्यावा लागतो.