रिसॉर्टची पाटी आणि भरतीची रेषा

मालवणहून तारकर्ली-देवबागच्या रस्त्याला लागलं की माडांच्या आडून पाट्या डोकावू लागतात. कुठे ‘बीच रिसॉर्ट’, कुठे ‘होम स्टे’, कुठे ‘न्याहारी-निवास’. सिंधुदुर्ग 1997 मध्ये देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि किनाऱ्यावरची घरं पाहुण्यांसाठी उघडत गेली. सुट्टीला आलेल्या कुटुंबाला या सगळ्या पाट्या सारख्याच वाटतात. त्यांच्यामागचे कागद मात्र वेगवेगळे असतात.

सगळ्यात मोठा गैरसमज ताऱ्यांचा. एक ते पाच तारे देणारी समिती केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची असते, पण तिच्याकडे अर्ज करणं ऐच्छिक आहे. त्यासाठी किमान 10 खोल्या लागतात आणि दर्जा 5 वर्षांपुरताच मिळतो. म्हणजे तारा नाही म्हणून हॉटेल बेकायदा ठरत नाही, आणि तारा आहे म्हणून बाकीचे परवाने आपोआप मिळत नाहीत. ‘होम स्टे’ची व्याख्या तर याहून घरगुती. केंद्राच्या न्याहारी-निवास योजनेत खोल्या 1 ते 6, खाटा जास्तीत जास्त 12 आणि मालकाचं कुटुंब त्याच घरात राहणारं हवं. वीस खोल्यांची इमारत या व्याख्येत बसत नाही, मग पाटीवर काहीही लिहिलेलं असो.

परवान्यांचा इतिहास जुना आहे. 1867 च्या सराई कायद्याने प्रवाशांना उतरवून घेणाऱ्याला नोंदणी सक्तीची केली. खोल्या आणि विहिरी साफ ठेवा, चोराला आत शिरता येईल अशा फांद्या तोडा, दरपत्रक लावा, असं त्यात बारकाईने सांगितलं आहे. आज परवान्यांच्या यादीत अन्नपदार्थांचा परवाना, अग्निसुरक्षा, सांडपाणी यांची भर पडली आहे.

किनाऱ्यावर मात्र खरी कसोटी समुद्राची. 1991 च्या किनारा नियमन अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्यावर उधाणाच्या भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत नवं बांधकाम रोखलं. 200 ते 500 मीटरच्या पट्ट्यात रिसॉर्टला वाव ठेवला तो अटींवर: उंची 9 मीटरच्या आत, तळमजल्यावर एकच मजला, वाळूच्या टेकड्या सपाट करायच्या नाहीत, आणि दोन रिसॉर्टांमध्ये किमान 20 मीटर रुंदीची मोकळी जागा. ही शेवटची अट गावाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची आहे. रापण ओढायला गावातली माणसं दोन्ही दोरांना लागतात, जाळं किनाऱ्यावर येतं, मासळीच्या पाट्या डोक्यावर घेऊन बायका वर निघतात. ती वाट कुंपणाने बुजली तर मच्छीमाराला स्वतःच्याच समुद्राकडे वळसा घालून जावं लागतं. 2019 च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या गावांसाठी बांधकामबंदीचा पट्टा 50 मीटरवर आणला. चौरस किलोमीटरला 2161 हून अधिक लोक राहतात अशी ही गावं. तिथे आता ही वाट अधिकच जपावी लागेल.

नियम मोडल्यावर काय होतं, ते केरळने पाहिलं. वेंबनाड सरोवरातल्या नेडियतुरुत्तू बेटावर कॅपिको रिसॉर्टचे 54 व्हिला उभे राहिले. पंचायतीचा बांधकाम परवाना होता, तरी किनारा नियमनाच्या कसोटीवर प्रकल्प टिकला नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये पाडण्याच्या आदेशावर शिक्कामोर्तब केलं आणि सप्टेंबर 2022 मध्ये प्रत्यक्ष पाडकाम सुरू झालं. कोट्यवधींचं बांधकाम मातीत गेलं. ग्रामपंचायतीचा दाखला म्हणजे सगळं झालं, असं मानणाऱ्या कोकणातल्या प्रत्येक जमीनमालकाने हे प्रकरण वाचायला हवं, कारण कर्ज काढून बांधणारा बहुधा गावातलाच तरुण असतो.

पर्यटकाच्या हातातही थोडं आहे. खोली ठरवताना नोंदणी कोणती आणि तिची मुदत कधीपर्यंत, हे फोनवर विचारा. उतरल्यावर समुद्राकडे चालत जा आणि गावकऱ्यांची वाट उघडी आहे का, तेही बघा.