आकाशाचे चित्र आणि आकड्यांचा रोजगार

मुलगा किंवा मुलगी बी.एस्सी. झाली की घरात दोनच गोष्टी निघतात: बी.एड. करून शाळेत लागावे, नाही तर दुकानाला हातभार लावावा. चित्रे आणि आकडे तपासण्याची संशोधनातील नोकरी बहुतेक पालकांना ठाऊकच नसते.

उदाहरण आपल्याच राज्यातील घेऊ. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या सुमारे 25 किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. तबकडी भरीव पत्र्याची नसून पोलादी तारांच्या जाळीची आहे. त्यामुळे वारा आरपार जातो, वजन कमी राहते आणि खर्च वाचतो.

काम काय असते?

ही दुर्बीण कॅमेऱ्यासारखा फोटो काढीत नाही. 30 तबकड्यांच्या 435 जोड्या होतात. प्रत्येक जोडीकडून रेडिओ लहरींचे आकडे मिळतात व त्यांतून संगणकावर चित्र तयार होते. पण आकड्यांत मोबाईल आणि विजेच्या तारांचा गोंगाटही मिसळलेला असतो. म्हणून आधी माल निवडावा लागतो. खराब आकडे बाजूला काढायचे, मग माहितीतल्या तेजस्वी स्रोताशी मोजमाप ताडून पाहायचे, जसा आपण प्रमाणित वजनाने काटा तपासतो. शेवटी चित्रातला ठिपका खरा की यंत्राचा दोष, हे ठरवायचे. त्यासाठी तयार नजर लागते.

हा ताळा किती कडक असतो पाहा. परदेशातील अनेक दुर्बिणी जोडून 2019 मध्ये कृष्णविवराचे पहिले चित्र प्रसिद्ध झाले. त्याआधी चार गटांनी एकमेकांना न दाखविता तेच आकडे घेऊन चित्रे काढली होती. चार मुनीमांची बेरीज एक आली, तेव्हाच हिशेब पक्का मानला.

शिक्षण आणि मिळकत

भौतिकशास्त्र, गणित, संख्याशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स किंवा संगणक यांपैकी एकात पक्की तयारी हवी. सोबत पायथॉन ही संगणकाची भाषा. पीएच.डी.साठी जेस्ट, गेट किंवा नेट परीक्षा द्यावी लागते. केंद्र सरकारच्या 2023 च्या दरानुसार कनिष्ठ संशोधकाला दरमहा 37,000 रुपये, पुढे वरिष्ठ झाल्यावर 42,000 रुपये आणि घरभाडे भत्ता मिळतो.

तोट्याची बाजूही मांडली पाहिजे. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षे जातात. नंतरची कामे बहुधा दोन-तीन वर्षांच्या कराराची असतात. कायम जागा थोड्या. मात्र हुन्नर वाया जात नाही. एमआरआयची चित्रे, उपग्रहातून होणारी पिकांची पाहणी, कापड गिरणीत ताग्यातील दोष शोधणारे कॅमेरे, या सर्वांना चित्र आणि आकडे वाचणारी माणसे लागतात.

सुरुवातीला भांडवल फार नको. जीएमआरटीची जुनी निरीक्षणे ठराविक मुदतीनंतर अभ्यासासाठी खुली होतात, आणि लागणारी बरीच सॉफ्टवेअर फुकट मिळतात. तेव्हा पदवीच्या दुसऱ्या वर्षीच सुटीत हात घालून पाहावा. गोडी लागली तर पालकांनी दुकानाची घाई करू नये. नाही लागली, तर सुटीपलीकडे काही गेले नाही.