अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक असलेल्या संगणकावर कर्सरचा विलंब : कारणे व निदान

प्रस्तावना :

खेळांसाठी घेतलेल्या संगणकावर कर्सर हाताच्या मागे रेंगाळू लागला, की दोष सर्वप्रथम माउसला दिला जातो. नवा माउस आणला जातो. तोही तसाच रेंगाळतो. मग मॉनिटरवर संशय येतो. अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक ही सुविधा चालू असलेल्या संगणकावर हा खर्च पुष्कळदा व्यर्थ ठरतो. कारण तेथे दोष एखाद्या उपकरणात नसून उपकरणांच्या कालगणनेच्या परस्परसंबंधात असू शकतो. हा संबंध कोणता व त्यावरून निदान कोणत्या क्रमाने करावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

तीन स्वतंत्र गती :

साधा यूएसबी माउस आपली स्थिती सेकंदाला सुमारे १२५ वेळा कळवितो, तर खेळांसाठी बनविलेला माउस १००० वेळा. ही पहिली गती. ग्राफिक्स कार्ड खेळाची चित्रे ज्या वेगाने तयार करते, ती दुसरी. दृश्य जसे गुंतागुंतीचे होईल, तशी ती क्षणोक्षणी बदलते. मॉनिटर सेकंदाला जितक्या वेळा पडदा नव्याने रंगवितो, ती तिसरी. हिलाच रिफ्रेश रेट म्हणतात.

दुसरी व तिसरी गती जुळली नाही, तर पडद्यावरील चित्र मधोमध फाटल्यासारखे दिसते. यावर उपाय म्हणून एनव्हिडिया कंपनीने २०१३ मध्ये जी-सिंक हे तंत्र जाहीर केले. २०१४ मध्ये व्हेसा या संस्थेने डिस्प्लेपोर्टच्या मानकात अ‍ॅडॅप्टिव्ह सिंकचा समावेश केला आणि एएमडीचे फ्रीसिंक त्यावरच आधारलेले आहे. या सर्वांचे तत्त्व एकच : पडद्याने ठरावीक ठेक्यावर न चालता खेळाचे पुढील चित्र तयार होईपर्यंत थांबावे. चित्र फाटणे त्यामुळे थांबले. परंतु पडद्याची गती आता खेळाच्या हाती गेली.

कर्सरचे स्वातंत्र्य कसे गेले :

नेहमीचा कर्सर हा खेळाच्या चित्राचा भाग नसतो. पडद्याकडे चित्र पाठविणारे यंत्रांग तो अगदी शेवटच्या क्षणी, वरच्या वेगळ्या थरावर ठेवते. म्हणून १४४ हर्ट्झच्या स्थिर दराच्या पडद्यावर खेळ सेकंदाला ५० चित्रे देत असला, तरी कर्सर मात्र १४४ वेळा सरकतो. अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक चालू होताच पडदा ५० वेळाच रंगविला जातो व कर्सरही ५० वेळाच सरकतो. हात सेकंदाला १००० पिक्सेल इतक्या वेगाने फिरत असेल, तर पूर्वी कर्सर सुमारे ७ पिक्सेलची पावले टाकीत होता. आता तो २० पिक्सेलच्या उड्या मारतो. वापरणारा याला विलंब म्हणतो. वस्तुतः यातील बराचसा भाग विलंबाचा नसून अडखळण्याचा असतो, आणि हा भेद ध्यानात न घेतल्यानेच निदान चुकते.

नेमबाजीच्या खेळात माउसने संपूर्ण दृश्यच फिरते, कर्सर नसतोच. त्यामुळे तेथे ही तक्रार क्वचित आढळते. नगररचनेच्या वा डावपेचांच्या खेळात मात्र सारा व्यवहार कर्सरनेच चालतो. अशा खेळांचे चाहते उगाच कुरकुर करतात असे नाही.

निदानाचा क्रम :

प्रथम अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक बंद करून तेच दृश्य पाहावे. कर्सर सुरळीत झाल्यास कारण वर वर्णिलेलेच. तो तसाच अडखळत राहिला, तर बहुधा खेळ स्वतःच कर्सर रेखाटीत आहे आणि तेथे चित्रांची संख्या वाढविण्याखेरीज, म्हणजे दृश्याचा तपशील कमी करण्याखेरीज, फारसा मार्ग नाही.

अनेक मॉनिटरांच्या मेनूत चालू रिफ्रेश रेट दाखविण्याची सोय असते. खेळ खिडकीत उघडा ठेवून तो आकडा पाहणे फार उद्बोधक ठरते. आकडा खेळाबरोबर खाली येत असेल, तर सुविधा खिडकीतील प्रोग्रॅमलाही लागू आहे असे समजावे. एनव्हिडियाच्या नियंत्रण-फलकात ती केवळ पूर्ण पडद्यापुरती ठेवता येते, तसेच एखाद्याच प्रोग्रॅमसाठी स्थिर दरही निवडता येतो. त्रिमितीय आरेखनाचा प्रोग्रॅम खेळ समजला गेल्यास हाच उपाय लागू पडतो.

खरा विलंब निर्माण होतो तो वरच्या मर्यादेपाशी. व्ही-सिंक चालू असताना खेळ १४४ हून अधिक चित्रे देऊ लागला, की तयार चित्रे रांगेत थांबतात व पडद्यावर जुनी स्थिती दिसते. चित्रसंख्येला १४० च्या आसपास लगाम घातल्यास ही रांग साचत नाही. खालच्या मर्यादेपाशी प्रकार निराळा आहे. ती ४८ हर्ट्झ असेल व खेळ ४७ वर घसरला, तर प्रत्येक चित्र दोनदा दाखविले जाते आणि पडदा एकदम ९४ वर उडी घेतो. खेळ या सीमेवर मागेपुढे होत राहिल्यास कर्सरची चालही विस्कळीत भासते.

यानंतरच माउसकडे वळावे. बिनतारी माउसचा ग्राहक यूएसबी ३ च्या जोडणीशेजारी लावलेला असल्यास २.४ गिगाहर्ट्झच्या संदेशात व्यत्यय येतो. इंटेलने २०१२ मध्येच ही बाब मांडली होती. ग्राहक लहानशा वायरने दूर नेऊन टेबलावर ठेवणे पुरेसे असते. सेकंदाला ८००० संदेश पाठविणारे माउस जुन्या प्रोसेसरवर उलट भारच टाकतात. तेथे १००० हा दर ठेवावा.

न सुटलेला पेच :

कर्सर हलताच पडदा रंगवावा, असा सोपा तोडगा सुचतो. परंतु तसे केल्यास माउसच्या प्रत्येक हालचालीबरोबर पडद्याचा दर कमाल मर्यादेकडे धावतो, खेळाची चित्रे पुन्हा विषम अंतराने दिसू लागतात आणि ज्यासाठी अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक आणले तो लाभच हातचा जातो. लिनक्सवरील खिडक्यांची व्यवस्था पाहणाऱ्या प्रणालींच्या रचनाकारांपुढे हाच पेच होता. केडीई प्लाझ्माच्या ५.२२ या २०२१ मधील आवृत्तीत वेलँडवर ही सुविधा आली, तेव्हा ती केवळ पूर्ण पडद्यावरील प्रोग्रॅमपुरती चालू ठेवण्याचा पर्याय देण्यात आला. डेस्कटॉपवर कर्सर हाताबरोबर राहतो आणि खेळात पडदा चित्रांबरोबर. खेळातल्या कर्सरला मात्र चित्राची वाट पाहावीच लागते.