संगणक साक्षरता: कला, वाणिज्य, विज्ञान

म्हणजे काय? फाइल जतन करणे, मजकूर टंकणे, तक्ता मांडणे, ई-मेल आणि इंटरनेट सुरक्षितपणे वापरणे. प्रोग्रॅमिंग त्यात येत नाही. तो बीसीए, बीएस्सी संगणकशास्त्र या पदव्यांचा विषय.

विद्यापीठ : मानवत तालुका परभणी जिल्ह्यात, तिथल्या कला, वाणिज्य, विज्ञान महाविद्यालयांचे विद्यापीठ स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, नांदेड (स्थापना १९९४).

प्रमाणपत्रे
• एमएस-सीआयटी : ‘एमकेसीएल’चा (स्थापना २००१) अभ्यासक्रम. परीक्षा राज्य तंत्रशिक्षण मंडळाची.
• सीसीसी : केंद्राच्या ‘नायलिट’चा ८० तासांचा अभ्यासक्रम.
• जीसीसी-टीबीसी : संगणक टंकलेखन. परीक्षा राज्य परीक्षा परिषद, पुणे यांची. टंकलेखनाचा वेग आणि संगणक साक्षरता या वेगळ्या गोष्टी.

शाखेनुसार वापर
• कला : युनिकोड मराठी, ऑनलाइन ग्रंथसूची, संदर्भांची नोंद.
• वाणिज्य : एक्सेल, टॅली, जीएसटीची बिले.
• विज्ञान : प्रयोगाच्या नोंदी, सरासरी, आलेख.

युनिकोड की जुना फाँट? युनिकोडमध्ये (पहिली आवृत्ती १९९१) प्रत्येक अक्षरचिन्हाला ठरलेला क्रमांक असतो. मजकूर कोणत्याही संगणकावर वाचता येतो. जुन्या फाँटमधला मजकूर तो फाँट नसेल तिथे अगम्य चिन्हांत दिसतो.

तक्त्यातला सराव : कापसाची पट्टी (विक्रीचा हिशेब)
रकाने तीन: वजन (क्विंटल), भाव, रक्कम. १२ क्विंटल ५ किलो म्हणजे १२.०५; त्याऐवजी १२.५ लिहिल्यास १२ क्विंटल ५० किलो होतात. क्विंटलला ७,००० रुपये भाव धरला, तर फरक ३,१५० रुपयांचा.